खाडीपलीकडचा पेनड्राइव्ह

जेटीवरच्या तिकीटखिडकीतला कॉम्प्युटर खाऱ्या हवेने कधीही दगा द्यायचा, म्हणून मी एका पेनड्राइव्हवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम तयार ठेवली होती. तो लावला की कॉम्प्युटर निमूट सुरू व्हायचा. पण वादळात केबिनमध्ये पाणी शिरलं आणि मालकांनी तो पेनड्राइव्ह खाडीपलीकडच्या ऑफिसात नेऊन ठेवला. का, तर तिथे सुरक्षित!

त्या रविवारी कॉम्प्युटर उठेना. बाहेर बोटीत चढायला थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न, आत माझा जीव वरखाली. मालकांना फोन लावला.

"अरे, घाबरतोस काय? पलीकडे आहे ना पेनड्राइव्ह! बोटीने मागवून घे."

फोन खाडीत भिरकावावासा वाटला. आमची एकुलती एक बोट समोरच धक्क्याला उभी होती. तिकिटं निघाल्याशिवाय ती सोडायची नाही, हा हुकूमही त्यांचाच.