कौशल्याबाईंच्या वतीने

सिंदी रेल्वे या आमच्या गावात पुंडलिकरावांचं किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या आधी त्यांचं पोट दिसतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नाही. खात्यापित्या घरचा माणूस तसा दिसलाच पाहिजे, असं त्यांचं मत. मत त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर असतं, आणि बायकोचं मतही तेच सांगतात. कौशल्याबाईंना भाजी कोणती आवडते, गिरडच्या यात्रेला जायचं की नाही, झोप कशी लागली, सगळ्याची उत्तरं यांच्याकडे तयार. मी शेजारी राहते. त्या बाईचं एक वाक्य पुरं झालेलं मी मागच्या महिन्यापर्यंत ऐकलेलं नव्हतं. वर त्यांचा बायकोवर जीवही आहे, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

मागच्या महिन्यात शाळेत हृदयतपासणीचं शिबिर लागलं. आम्ही तिघं सोबतच गेलो. सपना नावाची नर्स टेप घेऊन बसली होती. पुंडलिकरावांनी श्वास असा ओढून धरला की चेहरा वांग्यासारखा झाला.

"काका, सोडा श्वास."

सोडला. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, सपनाने समजावलं. यांची बरीच पुढे गेली होती.

"पन मन साफ हाय आपलं," ते म्हणाले. मंडळी हसली.

मग कौशल्याबाईंची पाळी. चार माणसांत बाईच्या कमरेला टेप लावायचा म्हणजे काय! पुंडलिकरावांनी तोडगा काढला. "माह्याहून निम्मं लिहा. काडी हाय ते."

सपनाने ऐकलं नाही. पडद्याआड नेऊन मोजलं. हातपाय काडीच, पण लुगड्याआड पोट सुटलेलं. त्यांचीही कंबर निम्म्याच्या पुढेच निघाली. बाहेर येऊन तिने मनाबद्दल विचारायला घेतलं.

"मावशी, उदास वाटते का?"

"तिले कायचं उदास? घरी सारं हाय," पुंडलिकराव.

"झोप लागते?"

"मस्त घोरते."

घोरतं कोण, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

"जीव घाबरते का कधी?"

"नाई, नाई. खुश हाय."

सपनाने पेन खाली ठेवला. "काका, हृदय मावशीचं हाय. पोटावर चढलं ते टेपनं समजते. मनात साचलं ते ज्याचं त्यालेच सांगा लागते. भार दोन्हीचा हृदयावरच पडते."

पुंडलिकराव गप्प झाले. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

कौशल्याबाई पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "चालताना छातीत दाटून येते. घरी कोनी नसलं का रडू येते. काऊन, ते समजत नाई."

"उद्याच दवाखान्यात ईसीजी काढा लागन," सपना म्हणाली.

पुंडलिकराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "कवापासून होऊन राह्यलं हे? मले काऊन नाई सांगतलं तू?"

"सांगतलं होतं," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमीच म्हनलं, गॅस हाय."