पहिली सुपारी

निलंग्याच्या करीमभाईंच्या बँडमध्ये ईश्वरप्पा क्लॅरिनेट वाजवायचा. ओठाला वाद्याची पत्ती लागली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि मग वरात कुठं वळली, कुठं थांबली, हे त्याचे पायच ओळखायचे. एकदा पायांनीही दगा दिला. वरात वेशीतून आत वळली आणि हा वाजवत वाजवत सरळ उसाच्या वाटेला लागला. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला मागं बसवून मांडवात आणून सोडलं. करीमभाई ही गोष्ट बँडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला सांगायचे. आमचा ईश्वरप्पा झोपेत चालतो, म्हणायचे, पण असा झोपणारा दुसरा कुणी असेल तर आणा.

ईश्वरप्पाचा बाप हलगी वाजवायचा, आजा सनई. आज्याच्या काळात घर ख्रिस्ती झालं, पण नावं जुनीच राहिली आणि वाजवणंही राहिलं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं घरात प्रार्थना मराठीत व्हायची आणि भांडण कानडीत. बसस्टँडच्या मागच्या आळीत पत्र्याचं छप्पर असलेलं लहानसं चर्च होतं. मंडळी थोडी. ऊसतोडीला जाणारी चार घरं, एक नर्सबाई, शाळेचे शिपाई, हमाल. पाळकांचा पगार, लाईटबिल, चुना-रंग, सगळं या लोकांच्या दानावर चालायचं. ईश्वरप्पाची बायको लक्ष्मम्मा खानावळीत भाकरी थापायची आणि पगाराच्या दिवशी घरात पाय ठेवायच्या आधी चर्चचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, बाजूला काढायची. ईश्वरप्पा पावसाळ्यात मजुरीला जायचा, त्याचाही दशमांश तीच काढायची. बँडचा हिशेब मात्र वेगळा होता.

लग्न नवं असताना ईश्वरप्पाला छातीचं दुखणं लागलं होतं. चार पावलं टाकली तरी दम लागायचा. डॉक्टरांनी क्लॅरिनेटला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तो सबंध हंगाम त्यानं खाटेवर काढला. रस्त्यावरून दुसऱ्यांच्या वराती जायच्या आणि तो पडल्या पडल्या बोटं हलवत राहायचा. घरात चूल मात्र पेटत होती. मंडळीतल्या बायका कधी पीठ, कधी तेल चुलीजवळ ठेवून जायच्या. कुणी ठेवलं, कुणी सांगायचं नाही. जुने पाळक म्हातारे होते. ते संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. तो श्वास घ्यायचा आणि ते ऐकत राहायचे. कधी कधी ईश्वरप्पाला गुंगीत वाटायचं, की हा श्वास आपण घेत नाही, बाजूला बसलेला माणूस ओंजळीनं पाजतो आहे.

पुढच्या हंगामाला दम परत आला. पहिली सुपारी हलगरा गावच्या लग्नाची होती. वाजंत्रीवाले लग्नाच्या ठरावाला सुपारीच म्हणतात. त्या लग्नाचे मिळालेले सगळे पैसे त्यानं रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकले. लक्ष्मम्मानं ते पलीकडून, बायकांच्या बाजूनं पाहिलं. घरी येऊन तिनं चूल पेटवली. पिठलं ढवळता ढवळता तिनं एवढंच विचारलं, "सगळं?"

"श्वास सगळाच मिळाला न्हवं परत," ईश्वरप्पा म्हणाला.

तेव्हापासून दर हंगामाची पहिली सुपारी चर्चची. करीमभाईंनाही ते ठाऊक झालं. पहिल्या लग्नाचा त्याचा वाटा देताना ते नव्या कोऱ्या नोटा शोधून द्यायचे. देवाघरी जायच्या आहेत, चुरगळलेल्या कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या नोटांचं पुढं काहीतरी व्हायचं. कधी पंखा, कधी बसायची सतरंजी, कधी गळक्या कोपऱ्यावरचा नवा पत्रा. आणि इथंच ईश्वरप्पाची खरी गंमत होती. पाळकांचा संदेश सुरू झाला की त्याचे डोळे जड व्हायचे आणि चर्चमधल्या वस्तू जाग्या व्हायच्या. पंखा फिरायला लागला की ज्या सुपारीतून तो आला ते औरादचं लग्न त्यातून उतरायचं. अंतरपाट धरलेला असताना हसू न आवरणारी तिथली नवरी, तिच्या हसण्यानं हललेल्या मुंडावळ्या. सतरंजीवर हात फिरवला की कासार शिरशीच्या मांडवातला आमरसाचा वास यायचा. पत्र्यावर ऊन तडतडलं की एक म्हातारा वरातीपुढं काठी टाकून नाचताना दिसायचा. वर पाळक प्रेषितांची पत्रं वाचत असायचे आणि खाली ईश्वरप्पाभोवती सगळी लग्नं हळूहळू जमून, मांडी घालून, ऐकत बसायची. लक्ष्मम्मा लांबून त्याची डुलणारी मान बघायची. पहिल्या पहिल्यांदा तिला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली.

जुने पाळक गेले. त्यांच्यामागून दोघं आले आणि बदलून गेले. मग अमोलिक पाळक आले. नगरकडचे, वयानं तरुण, बोलणं स्वच्छ, घरोघर जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारे. मंडळीला ते आवडले. ईश्वरप्पालाही आवडले. त्या हंगामाची पहिली सुपारी त्यानं पाकिटात घालून थैलीत टाकली, तेव्हा उपासना संपल्यावर पाळकांनी त्याला चर्चपुढच्या कडुनिंबाखाली बोलावलं. पाकीट त्यांच्या हातातच होतं.

ते फार जपून बोलले. ईश्वरप्पा नवरदेवाबरोबर मारुतीच्या पारापर्यंत वाजवत जातो, दारू प्यालेल्या लोकांच्या नाचापुढं वाजवतो, ते पैसे देवाला कसे चालतात, असं मंडळीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं होतं. "काका, मनाला लावून घेऊ नका. मजुरीतला दशमांश तुम्ही देताच. पण हे देवापुढं ठेवताना माझा हात अडखळतो."

"बरं साहेब," ईश्वरप्पा म्हणाला. पाकीट घेऊन तो घरी आला आणि क्लॅरिनेटच्या पेटीत, मखमलीच्या खाली त्यानं ते सरकवून ठेवलं.

तो कुणाशी भांडला नाही. चर्चला जायचंही त्यानं सोडलं नाही. पण पुढच्या रविवारी पंखा फिरला आणि नुसता वाराच आला. सतरंजी सतरंजीच राहिली. पत्रा तापला, एवढंच. ईश्वरप्पा संदेशभर टक्क जागा राहिला. त्याच्या पुढच्याही रविवारी जागाच. लक्ष्मम्मा लांबून त्याची ताठ मान बघायची. नवरा झोपेना म्हणून काळजी करणारी बाई साऱ्या निलंग्यात ती एकटीच असेल. तुमी जरा डोळे मिटून बघा की, असं तिनं एकदा त्याला हळूच सांगूनही पाहिलं. तो म्हणाला, मिटले तर अंधार दिसायलाय.

लग्नं चालूच होती. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात पाठवणीची वेळ झाली होती. ऊन कलतं, गाडी फुलांनी सजलेली, नवरी आईच्या गळ्यातून सुटत नव्हती. तिचा बाप ईरण्णा, साखर कारखान्यावर वजनकाट्याचं काम करणारा, तो मात्र लांब गोठ्याजवळ दावणीची गाठ सोडत आणि परत बांधत उभा होता. त्याला पुढं यायला जमत नव्हतं. करीमभाईंनी खूण केली. ढोलताशे थांबले. ईश्वरप्पानं एकट्यानं क्लॅरिनेट लावलं. त्यानं वाजवलं ते सिनेमातलं नव्हतं आणि चर्चच्या गीतांच्या पुस्तकातलंही नव्हतं. कुठून येतंय हे त्यालाही कळत नव्हतं. स्वर खाली उतरत गेला, अंगणाच्या मातीला टेकला आणि तिथंच धुळीसारखा तरंगत राहिला. डोळे अर्धे उघडले तेव्हा ईरण्णा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. आणि बायकांच्या मागं, खांद्याला पिशवी लावून, अमोलिक पाळक उभे होते.

ते किल्लारीला एका आजाऱ्याकडं प्रार्थनेला गेले होते. परतताना वऱ्हाडाच्या गर्दीत प्रवासी जीप अडली म्हणून ते उतरले, आणि जीप निघून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

करीमभाईंनी त्यांना बँडच्या टेम्पोत पुढं बसायला सांगितलं. ते मागंच, ढोलांच्या मध्ये, ईश्वरप्पाशेजारी बसले. दोन्ही बाजूंनी ऊस मागं पळत होता. पाळकांनी विचारलं, "वाजवताना तुम्ही कुठं असता, काका?"

"म्हाईत न्हाई साहेब. श्वास आत येतो तवा वाटतं, ह्यो आपला न्हवं, कुणीतरी द्यायलंय. मग त्यो वाजवून सोडून देतो. ठेवून घेता येत न्हाई."

मग, कुणी विचारलं नसताना, तो त्यांना पंख्यातलं लग्न सांगायला लागला. सतरंजीतलं सांगितलं. पत्र्यावरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. हे तो आजवर बायकोलाही बोलला नव्हता. पाळक ऐकत राहिले. निलंग्यात उतरताना त्यांनी विचारलं, पाकीट कुठं आहे. पेटीत हाय, तो म्हणाला.

"रविवारी घेऊन या," पाळक म्हणाले. "माझ्या मनातलं सगळं अजून सुटलेलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्याशी मलाच बोलावं लागेल. पण तुम्ही घेऊन या."

रविवारी थैली फिरली आणि पाकीट तिच्यात पडलं. एकदोन माना वळल्या, मग सरळ झाल्या. उपासनेनंतर पाळकांनी त्याला विचारलं, याचं काय करू या. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, कंपाउंडच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं, रस्त्याकडं तोंड करून एक नळ बसवावा. वाजवून वाजवून तोंड सुकतं, साहेब, आणि वरातीत वाजंत्र्याला पाणी विचारायचं लोकांच्या ध्यानात राहत न्हाई.

नळ बसला आणि संदेशाच्या वेळी ईश्वरप्पाची मान पुन्हा डुलायला लागली. पुढच्या हंगामात करीमभाईंचा बँड त्या रस्त्यानं जायचा तेव्हा ताशेवाले ताशे पाठीवर टाकून ओंजळी भरायचे. कधी नवरदेवाची घोडीही मान वाकवायची आणि घोडीवाला लगाम सैल सोडून थांबायचा. थेंब मुंडावळ्यांवर उडायचे. वरात तेवढा वेळ रस्त्यातच उभी राहायची, कुणाला कसली घाई नसल्यासारखी. ईश्वरप्पा सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायचा, ओठ पुसायचा आणि डोळे मिटून पुन्हा सुरू करायचा.