पाठीवरचा निळा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. डॉक्टरांच्या लेखी ती एक अडचण होती, ती त्यांनी निस्तरली आणि विषय संपवला. कोकणातल्या माणसांचा विषय तिथूनच सुरू होतो. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन कळतं, आणि त्याने उसण भरलेल्या कंबरेला पाय लावला की कंबर मोकळी होते. आम्ही ओमानात, बौशरला राहायचो. तिथे पुरलेलं धन कुणी शोधत नव्हतं, पण कंबरा सगळ्यांच्याच धरलेल्या होत्या.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपली की बाबांच्या गावाकडची माणसं आमच्या दारात यायची. सुतार, गवंडी, प्लंबर, हॉटेलात कांद्याची पोती उचलणारे. बाबा स्वतः फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार, त्यामुळे ओळखी भरपूर. दाराजवळ चटई अंथरलेली असायची. "बाय गो, कंबर धरली हा. जरा पाय लाव," असं म्हणून माणूस पालथा पडायचा. मी भिंतीला हात टेकून डावा पाय त्याच्या कंबरेला तीनदा लावायचा. मध्ये बोलायचं नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले तर पायाचा गुण जातो.

लहान होते तोवर मजा वाटायची. कळायला लागलं तशी लाज वाटायला लागली. चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, आणि इथे मी काका-मामांच्या वयाच्या माणसांच्या पाठीवर सरळ पाय द्यायचा, वर उठल्यावर त्यांनीच मला हात जोडायचे. बारावीनंतर तर मी ओढणी घट्ट गुंडाळून, नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवून ते उरकायची. कॅलेंडरवर किल्ले, गलबतं आणि अरबी कॉफीच्या सुरया. मला त्या पाठ झाल्या होत्या.

आई वसईची, कॅथलिक. शुक्रवारी सकाळी ती मला चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, घेऊन जायची आणि दुपारी हा प्रकार सुरू झाला की आतल्या खोलीत दार लावून शिवणयंत्र चालवत बसायची. "फादरला कळलं तर मी काय तोंड दाखवू?" एवढंच तिचं म्हणणं. बाबा हिंदू, आई ख्रिस्ती, म्हणजे मी दोन्हीकडे अर्धी. गणपतीत आरतीचं तबक माझ्यापर्यंत येता येता दुसरीकडे वळायचं आणि चर्चच्या गाण्यात मला मागच्या ओळीतही जागा नव्हती. पाय तेवढा दोन्ही बाजूंना पूर्ण चालायचा. कंबर धरली की धर्म कुणी विचारत नाही.

यातलं खरं किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण पाय टेकला की काहीतरी कळायचं, हे नक्की. गाठ कुठे आहे, माणूस कुठल्या बाजूने ओझं उचलतो, ते तळव्याला समजायचं. काही पाठी पिवळ्या लागायच्या, काही शिशासारख्या करड्या. तळव्याला रंग कसा कळतो ते विचारू नका, मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा आईला सांगितलं तर तिने कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण केली आणि हे पुन्हा बोलायचं नाही म्हणून बजावलं.

पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर माणसं रिकाम्या हाती कशी येणार? मी चित्रं काढते हे बाबांनी गावभर केलेलं. मग एखादा ऑफिसातून पाठकोरे कागद आणायचा, एखादा दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या मित्राकडून डब्यात उरलेला रंग, शिंपीकाम करणारा खडू. विकत आणून चित्रं काढावी अशी आमची परिस्थिती नव्हती. माझी सगळी चित्रकला त्या पायावर चालली होती, आणि हेही मला लाजिरवाणंच वाटायचं. त्या कागदांवर मी एक तर कॅलेंडरमधले किल्ले काढायची, लोकांना दाखवायला. दुसरं काढायची त्या पाठी. शुक्रवारी ज्याच्या पाठीवर पाय ठेवला त्याची पाठ शनिवारी कागदावर. त्या मी गादीखाली ठेवायची, कुणालाही न दाखवता.

त्यात बाबांची पाठ नव्हती. बाबांना पाठीचा त्रास नव्हता असं नाही. रंधा मारून मारून ते कामावरून वाकडेच यायचे, रात्री आई त्यांना बाम चोळायची. पण एवढ्या लोकांना चटईवर झोपवणारा हा माणूस स्वतः कधी चटईवर आडवा झाला नाही. मी त्याचा सरळ अर्थ लावला होता. मुलीचा पाय दुसऱ्यांच्या पाठीला ठीक, आपल्या पाठीला नको. हे मला आतल्या आत फार लागायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अल खौदला विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या पत्नी राहायच्या. पुण्याच्या, मुंबईत रीतसर चित्रकला शिकलेल्या. कुठल्याशा हळदीकुंकवात बाबांच्या ओळखीच्या बाईंनी त्यांच्याकडे माझा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, चित्रं घेऊन या. काही दम दिसला तर मी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला लिहीन, आणि राहायला दादरला माझी बहीण आहे. मुंबईत राहायची सोय नाही म्हणूनच माझं शिक्षण अडलं होतं. बाबांनी अर्बाबाकडून, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाकडून, पिकअप मागून घेतली. आईने नवा ड्रेस शिवला. पायात खास त्या दिवसासाठी घेतलेल्या निळ्या रबरी सँडल. चित्रं पडद्याच्या कापडात बांधली. गादीखालच्या पाठी मी घेतल्या नाहीत. त्या घेतल्या असत्या तर, या कुणाच्या आणि तुला कशा दिसल्या, हे सांगावं लागलं असतं.

मॅडमनी एकेक चित्र नीट पाहिलं. किल्ला, गलबत, सुरई, पुन्हा किल्ला. "हात स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "कॅलेंडरवरून ना?" मी मान हलवली. "तुझं स्वतःचं काही?"

मी पडद्याच्या कापडाच्या घड्या सारख्या करायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चित्रांचा गठ्ठा पुन्हा बांधायची वेळ आली आहे हे त्यांनाही कळलं असावं. तेवढ्यात आतून सर आले, भिंत धरत. गॅसचं सिलिंडर उचलताना कंबरेत उसण भरली होती, त्यांना बसताही येत नव्हतं. आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कुणाकडे स्वतःसाठी शब्द टाकला नाही, ते उठून म्हणाले, "साहेब, पाय लावून बघा हिचा. पायाळू आहे ती."

जमीन दुभंगावी असं वाटलं. मी इथे चित्रकार म्हणून आले होते. मॅडम अवघडून हसल्या. "अजून मानतात हे?" पण सर वैतागले होते, म्हणाले, "डॉक्टर उद्यापर्यंत भेटणार नाही, काय हरकत आहे?" आणि पांढऱ्या कुडत्यानिशी गालिच्यावर पालथे झाले. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांचा शाळकरी मुलगाही खेळ अर्धवट टाकून बघायला आला. मी पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

तिसऱ्यांदा पाय उचलला आणि पाहिलं, तर सरांच्या पांढऱ्या कुडत्यावर माझा पाय उमटला होता. निळा. नव्या सँडलचा रंग घामाने तळव्याला लागला होता. टाच, पाची बोटं, सगळं स्वच्छ. बाबा धावले, रुमाल पाण्यात भिजवून ते पुसायला लागले. रंग आणखी पसरला. "धुवून आणून देतो साहेब, इस्त्री करून," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि सर "राहू दे हो, राहू दे" म्हणत होते. गुडघे टेकून दुसऱ्याच्या पाठीवरचा माझा पाय पुसणारे बाबा. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्या सगळ्यात फक्त मुलाला मजा वाटत होती, आणि ती वाईट मजा नव्हती. त्याने मला विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन की हिंदू?" मी म्हटलं, अर्धी-अर्धी. त्याचे डोळे चमकले. "मग तुम्ही माझं कॅरेक्टर आहात. आमचा फाशांचा गेम आहे ना, त्यात मी एक हाफ-एल्फ बनवली आहे. पुअर आर्टिस्ट. तिला मॅजिक सेन्स होतं, पण तिचं ट्रेनिंग झालेलं नाही, म्हणून ती... म्हणजे... लपवते." एल्फ म्हणजे इंग्रजी गोष्टींतले टोकदार कानांचे रानातले लोक, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला त्यातला एकच शब्द कळला होता, लपवते.

मॅडमनाही तोच लागला असावा. कारण त्यांनी कुडत्याचा विषय सोडून मला विचारलं, "पाय ठेवलास तेव्हा तुला नक्की काय कळलं?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी गठ्ठ्यातला एक किल्ला उलटा केला आणि पेन्सिलीने काढायला लागले. डाव्या बाजूला खाली आवळलेली गाठ, तिथून मानेपर्यंत ताणलेली शीर, उजवा खांदा गाठीला सांभाळायला वर चढलेला. काढताना लाज कुठे गेली कळलं नाही. थांबल्यावर सगळी एकदम परत आली.

मॅडमनी तो कागद उचलून उजेडाकडे धरला. "अशी आणखी आहेत?"

"आहेत."

"मग आणली का नाहीस?"

"लाज वाटली."

"पुढच्या आठवड्यात त्याच घेऊन ये. किल्ले नकोत."

परतताना बाबांनी गाडी हमरस्त्याला घेतली. मग म्हणाले, "सगळ्यांच्या पाठी काढल्यास?"

"जे आले त्यांच्या."

"माझी?"

मला इतक्या वर्षांचं साठलेलं आवरलं नाही. "तुम्ही कधी आलातच नाही. तुम्हाला माझ्या पायाची लाज वाटते. लोकांना चालतो, तुम्हाला नाही."

बाबांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. "लाज कसली गो? माका गुण इलो नसतो तर?" ते म्हणाले. "मगे लोकांका खयच्या तोंडान बोलावतलंय? माका खोटा बोलूक जमणा नाय. आणि तुझे कागद बंद झाले असते."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाबांनी ती मूठ वर्षानुवर्षं स्वतःच्या दुखऱ्या पाठीने झाकून ठेवली होती, मला कागद मिळावेत म्हणून. मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांनी गाडी सुरू केली. आईने जेवण गरम करून ठेवलं असेल, एवढंच म्हणाले.

पुढे मॅडमनी पत्र लिहिलं, बहिणीने जागा दिली, आणि नवं शतक लागलं तेव्हा मी मुंबईत शिकत होते. पण पाठींचा गठ्ठा मॅडमकडे घेऊन जाण्याआधीच्या शुक्रवारी मी बाबांना म्हटलं, आज तुमची पाठ काढायची आहे. चटई अंथरली. ते चटईकडे बघून म्हणाले, "पाय नको. बघूनच काढ." शर्ट काढून ते स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी शिवणयंत्राचा आवाज नव्हता. आई दाराशी येऊन उभी राहिली होती.

मी पेन्सिल धरली आणि काही जमेना. पाठ समोर होती, रोज बघितलेली, पण पायाखाली न आलेली. गाठ कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. इतक्या परक्या माणसांचं दुखणं मला तळव्याने कळलं होतं आणि या एका पाठीचं काहीच कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे दुखतं?"

त्यांनी हात मागे वळवून दाखवायचा प्रयत्न केला, पण तिथवर हात पोचेना. मग आईने पुढे येऊन जागा दाखवली. तिला माहीत होती. मी मात्र तोवर त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.