न वाचलेलं पहिलं पान

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी आड यायची. नोकरी संपल्यावर वाटायचं, आता कुणाला काय पडलंय? अलीकडे टाळण्याचाही थकवा येतो, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात मी नाशिकमध्ये रेडिओसाठी लेखकांच्या मुलाखती घ्यायचो. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, आठवड्याला एक लेखक. सुरुवातीला प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचायचो. पुढे नुसतं मलपृष्ठ वाचायला लागलो. "या कथा आपल्याला कशा सुचल्या?" हा प्रश्न कुठल्याही पुस्तकाला चालायचा. गंगापूर रोडला लोक थांबवून म्हणायचे, "केवढा अभ्यास असतो हो तुमचा!" मी नाही म्हणायचो नाही.

एकदा सुरगाण्याकडचे एक शाळामास्तर आले. जीप, मग एसटी करत दुपारी पोचले. स्वतःचा पातळसा कथासंग्रह त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. त्याची आधी पाठवलेली एक प्रत आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होती. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मला नाय सुचल्या, साहेब. आईच्या हायेत. मी निस्त्या उतरवून घेतल्या. पहिल्याच पानावर लिवलंय की." मग अगदी काळजीने म्हणाले, "तुमच्या पुस्तकाचं पान फाटलंय का?"

काचेपलीकडचा सहकारी खो खो हसला. मी घाईने पुढचा प्रश्न घेतला.

निघताना मास्तर म्हणाले, "आईचं तेवढं राहू द्या बरं का. ती म्हणते, आधी गोष्ट कुणाची ते सांगावं, मग गोष्ट. तिला वाचता येत नाय. रेडिओवरच ऐकंल."

"राहील की," मी म्हणालो.

तेव्हा आम्ही टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडायचो. ते उत्तर ठेवलं असतं तर मी पुस्तक उघडलंही नव्हतं, हे सगळ्यांना कळलं असतं. मी ते कापलं. शाळेतल्या मुलांसाठी रचलेल्या गाण्यांबद्दल ते पुढे कुठेतरी बोलले होते, "शाळा सुटल्यावर एकटाच बसायचो, तेव्हा सुचायचं." ते वाक्य मी माझ्या प्रश्नाला जोडलं. सांधा इतका बेमालूम बसला की मला माझंच कौतुक वाटलं.

प्रसारणानंतर मास्तरांचा फोन आला. "साहेब, आईचं कुठं गेलं?"

"तेवढी टेप खराब झाली, गुरुजी."

"मग आईला तुम्ही सांगाल का? माझं ऐकत नाय. गोष्टी सांगायच्याच बंद केल्यात तिनं. म्हणते, तुला सुचतात ना, मग सुचव."

"येतो," म्हणालो, आणि काही वर्षं गेलो नाही.

दोन हजार साल उलटल्यावर दुसऱ्या कामासाठी सुरगाण्याला जाणं झालं, तेव्हा गेलो. म्हातारी ओट्यावर नागली पाखडत होती. मास्तरांनी माझी ओळख करून दिली.

"आवाज वळखला," ती म्हणाली. "तुमचीच टेप खराब झाली व्हती ना? नेमकी माझ्याच जागी?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांनी आपली सुटका होणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

"मशीन जुनं होतं, आजी," मी म्हणालो.

"मशीन लय शहाणं म्हणायचं." तिने सूप पुन्हा उचललं. मास्तर चहा सांगायला आत गेले. चहा घेऊन मी निघालो.

त्यानंतर मास्तर एकदाच भेटले, नाशिकच्या द्वारका चौकात, जीप भरायची वाट बघत. केस पांढरे झाले होते. मी आईची चौकशी केली.

"गेली मागच्या साली. शेवटपर्यंत मला गोष्ट नाय सांगितली, साहेब."

"वाईट झालं," मी म्हणालो. जीप भरली. ते मागे दाटीवाटीने बसले आणि त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. गाडी गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. गुरुजी, टेप चांगली होती. मी पुस्तक वाचलं नव्हतं, ते झाकायला तुमच्या आईला मी कापलं. चूक माझी होती आणि शिक्षा तुम्ही भोगलीत. मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.