दीड परस समुद्र

मलकापूरच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा माझ्या पिशवीत काय काय होतं ते आधी सांगतो. दोन दिवसांच्या दशम्या (दुधात मळलेल्या पोळ्या), शेंगदाण्याची चटणी, ॲसिडिटीच्या गोळ्या, बेटांवरच्या सहलींचा बेत लिहिलेली वही आणि सगळ्यात खाली, सुनंदाला दिसू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेली माझी मापाची दोरी.

चिखलीत माझं विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार किती खाली सोडायची हे ठरवायला आधी पाणी मोजावं लागतं. दोरीच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, दर परसाला (परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची) एक गाठ मारायची आणि विहिरीत सोडायची. तीस वर्षं मी असं पाणी मोजतो आहे. काठावरून. आत उतरणारा माणूस वेगळा असतो.

हे 'काठावरून' जरा महत्त्वाचं आहे, कारण माझ्या बायकोला, सुनंदाला, ते माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सासुरवाडीच्या अंगणात, चार मेहुण्यांसमोर मी सांगून बसलो होतो, की आमच्या देऊळघाटला रशीदच्या मळ्यातल्या विहिरीत मी मुटके (गुडघे पोटाशी घेऊन मारलेल्या उड्या) मारायचो. खरी गोष्ट एवढीच, की गावातल्या सगळ्या पोरांना पाठीवर सुका भोपळा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकवायचे. माझ्या पाठीवरही बांधला. मी पाण्याला पाय लावला आणि भोपळ्यासकट पायऱ्या चढून घरी पळालो. याचा साक्षीदार एकच उरला आहे, माझा बालमित्र रशीद. आणि त्या दिवशी आम्हाला गाडीवर सोडायला तोच आपली जीप घेऊन आला होता.

सुनंदा बाटल्या भरायला नळावर गेली, तसा तो जवळ सरकला.

"सांगितलं का वहिनीले?"

"काय?"

"काय म्हन्ते! भोपळ्याचं."

"जहाजावर निवांत सांगतो न."

"अठ्ठावीस वर्सं निवांत नोता का बे तू? समुंदर हाये तो. माह्या बापाची विहीर नाही, का पायऱ्या चढून पळशीन."

"अबे, म्हणून तं वैशाखात चाललो. पाणी उतरलं असन."

रशीदनं क्षणभर विचार केला. तोही आमच्याच जिल्ह्याचा. वैशाखात विहिरी उतरतात, धरणं उतरतात, बोअर कोरडे खोकतात, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. "हाव," तो म्हणाला, "ते बी हाये."

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. लक्षद्वीपच्या जहाज-सहलीची तिकिटं तिनं आम्हाला भेट दिली. तिचं म्हणणं होतं, जानेवारीत जा, हवा छान असते. मीच हट्ट धरून उन्हाळा घेतला. जानेवारीत पाणी केवढं असतं! इथं लोणारच्या खाऱ्या तळ्याचं पाणीसुद्धा उन्हाळ्यात काठ सोडून आत जातं, तर समुद्रानं काय घोडं मारलंय? माझ्या हिशेबानं एप्रिलअखेर त्या बेटांपाशी गुडघाभर पाणी राहायला हवं होतं.

सुनंदाचा हिशेब वेगळा होता. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी ती पहाटेपासून टाक्या, घागरी, पातेली, सगळं भरते. तिकिटं आली त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "मले फक्त एक डाव गळ्यापर्यंत पाण्यात बसाचं हाये. न मोजता. तुम्ही हात धरजा, बस."

मुंबईहून जहाज निघालं. ते जहाज कसलं, पाचमजली लग्नघरच. खोलीत सामान ठेवल्याबरोबर सुनंदानं पहिलं काम काय केलं, तर मोरीतला नळ सोडला आणि आमच्या बाटल्या, काचेचे पेले, बर्फासाठी ठेवलेलं भांडं, सगळं काठोकाठ भरून ओळीनं मांडलं. मी म्हटलं, "अगं, चोवीस तास आहे पाणी." ती म्हणाली, "आज हाये. उद्याचं कोनाले मालूम?" संध्याकाळी खोली आवरायला आलेला मुलगा त्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिला.

जेवणाच्या दालनात पंचवीस पदार्थ मांडलेले होते आणि मी माझी दशमी-चटणीच काढून बसलो. शेजारच्या टेबलावर सहलींची नावनोंदणी चालू होती. मी माझी वही उघडली. चिखलीत बसून मी मोठ्या कष्टानं बेत आखला होता: पहिल्या दिवशी किनाऱ्यावर फेरफटका (कोरडा), मग नारळाच्या बागा (कोरड्या), मग काचेच्या तळाची बोट (बसून).

सुनंदानं वही वाचली आणि मिटली. "काचेतून पाणी पाहाले आली का मी? काचेतून तं टीव्हीवर बी दिसते." तिनं नोंदणीवाल्या मुलीला माहितीपत्रकाच्या चित्रातली एक जागा बोटानं दाखवली. लगून. म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं समुद्रापासून अडवलेलं शांत पाणी. हिरवं-निळं, आतून दिवा लावल्यासारखं.

मुलीनं दोन अर्ज पुढे केले. त्यात प्रश्न होता, पोहता येतं का? सुनंदानं 'नाही' लिहिलं आणि माझ्या कागदाकडे पाहू लागली. अगदी कौतुकानं. मी 'हो' लिहिलं. खरं सांगतो, पेन माझ्या हातात होतं एवढंच.

"छान!" मुलगी म्हणाली. "न पोहणारे किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात थांबतात. पण मॅडम, तुमचे मिस्टर पोहणारे आहेत, तर त्यांची जोडी म्हणून तुम्हालाही बोटीनं आत खोल पाण्यात जाता येईल. जबाबदारी त्यांची."

"तिकडंच लिहा आमाले," सुनंदा म्हणाली आणि पुन्हा ताट वाढून आणायला गेली.

त्यानंतरचा दीड दिवस मी डेकवर येरझारा घालून काढला. सांगायला तोंड उघडावं, तर ती नेमकी म्हणायची, "किती बरं वाटते हो, तुम्ही सोबत हाये तं." एवढ्या भरवशापुढे माणूस काय बोलणार? माझी सगळी आशा आता वैशाखावर होती. जहाजावरच्या एका खलाशाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सध्या पाणी किती उतरलंय?" त्यानं मला नम्रपणे प्यायच्या पाण्याचा नळ दाखवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. आधी नुसती हिरवी रेघ, मग नारळांचे शेंडे, मग पिठासारखी पांढरी वाळू. मोठं जहाज बाहेर थांबलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला धक्क्यावर आणलं. उतरल्या उतरल्या बेटावरच्या बायकांनी शहाळी आणि खोबरं-गुळाची वडी दिली. सुनंदा त्यांच्यात रमली. मी धक्क्याच्या टोकाला गेलो, इकडंतिकडं पाहिलं आणि टॉवेलातून दोरी काढून सोडली.

तळ दिसत होता. इतका स्वच्छ, की हात घालून शंख उचलावा. मनात म्हटलं, गुडघाभर. दोरी मात्र जातच राहिली. पहिली गाठ बुडाली. त्यानंतर आणखी अर्धा परस गेला, मग नट टेकला. दीड परस! वैशाखात!

मागून कुणीतरी हसलं. आमच्या बोटीचा वाटाड्या कोया, साठीचा, लुंगी नेसलेला, दात पानानं रंगलेले.

"क्या नापता है साब?"

"पाणी. गर्मी में कम होता है न?"

"गर्मी में?" त्याला काही केल्या समजेना. मग मी त्याला आमच्या विहिरींचं सांगितलं. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साब, इधर पानी दिन में दो बार जाता, दो बार आता. अब्बी आ रहा है. एक घंटा बाद फिर डालो, जास्ती मिलेगा."

मी दोरीकडं पाहिलं. दीड परसाशी जिथं ओल लागलेली होती, तिथून पाणी चार बोटं वर आलेलं होतं. पाऊस नाही, नाला नाही, कॅनॉल नाही, आणि पाणी चढत होतं. असलं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बोटीशी जाकिटं वाटणं सुरू होतं. केशरी, फुगीर. मला जरा धीर आला. म्हटलं, जाकीट आहे, निभून जाईल. तेवढ्यात कोयानं सुनंदाचा हात माझ्या हातात दिला. "आप इनको संभालेगा. जॅकेट है, पर जो आदमी डर गया न, वो जॅकेट में भी दूसरे को पकडके नीचे दबाता है."

घाबरणारी ती असेल, असं त्याला वाटत होतं. सुनंदा माझा हात धरून बोटीत पाय टाकत होती.

"सुनंदा," मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"इथलं पानी येगळं म्हनून?"

"कुठलंच. कधीच."

तिचा एक पाय बोटीत, एक धक्क्यावर. "मंग ती इहीर?"

"पळालो होतो. भोपळ्यासकट पायऱ्या चढून."

"भोपळा?"

"पाठीवर होता."

कोयाला मराठी येत नव्हतं, पण त्यानं बोटीचा दोर घट्ट धरला. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. पाय मागे घेतला, हात सोडवून घेतला.

"तुमी मले हाताले धरून तिथं नेनार होते," ती हळूच म्हणाली. "अठ्ठावीस वर्सांचं जाऊ द्या. आजचं सांगा. पानी गळ्याशी आलं असतं, तवा सांगनार होते का?"

मी जाकिटाचा पट्टा उगाच आवळत राहिलो.

ती कोयासोबत न पोहणाऱ्यांच्या बाजूला गेली. मी जाकीट घालून वाळूवर उभा, पावसाळ्यात चुकून बाहेर ठेवलेल्या धान्याच्या कोठीसारखा. पाण्यात पोरं होती, एक गुजराथी आजीबाई होत्या. सुनंदा सावकाश आत गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात चक्क मांडी घालून बसू लागली. जाकीट तिला वर ढकलत होतं, ती पुन्हा बसत होती. शेवटी गळ्यापर्यंत बसली. डोळे मिटून. किती वेळ, कोण जाणे. मी मोजलं नाही.

मग मागे न पाहता तिनं हाक मारली. "अहो, ते दोरी आना."

म्हणजे टॉवेलातली दोरी तिनं केव्हाच पाहिली होती.

तिनं दोरीचं एक टोक आपल्या जाकिटाला बांधायला लावलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "हे तं येते न तुमाले? सोडा." मी मांडीभर पाण्यात पाय रोवून दोरी सोडू लागलो. एक गाठ गेली. दुसरी गेली. ती पाठीवर तरंगत, आकाशाकडं पाहत लांब गेली. कोया तिच्या बाजूनं पोहत होता. तिसऱ्या गाठीला मी ओरडलो, "बस!" आणि तिनं पलीकडून दोरी ओढली. चांगली हिसका देऊन.

मी एक पाऊल पुढे गेलो. पाणी कमरेला लागलं. तिनं पुन्हा ओढली. छातीला लागलं. एक लाट आली आणि पाय वाळूवरून सुटले. मी 'आई गं' म्हणालो, ते बहुधा मुख्य भूमीपर्यंत ऐकू गेलं असेल. पण दोरी ताणलेली होती.

परतीला मलकापूरला रशीद जीप घेऊन हजर. "काय म्हन्ते समुंदर? उतरला होता का?"

"दिवसातून दोनदा उतरतो. दोनदा चढतो."

"पावसाबगर?" त्यानं जीप चालू केली. मग मागे वळून म्हणाला, "वहिनी, हा झूठ तं नाही बोलून राह्यला?"

"हे खरं हाये," सुनंदा म्हणाली. "रशीदभाऊ, तो भोपळा हाये का अजून?"

"तो कवाच फुटला. नवा देतो न. पर इहिरीत पानी कुठी हाये?"

"चढू द्या मंग."

तेव्हापासून एक सुका भोपळा माझ्या दुकानात, वायरच्या भेंडोळ्यांशेजारी टांगलेला आहे. सुनंदा अजूनही भाकरी थापता थापता मधेच विचारते, "आनखी काय काय काठावरूनच सांगितलं तुमी?" आणि मी एकेक आठवून सांगतो. यादी वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली.

परवा देऊळघाटला रशीदच्या विहिरीत दोरी सोडली. कोरड्या खडकावर नट वाजला. अख्खा जिल्हा पाणी चढायची वाट पाहतो आहे. मीही पाहतो आहे, फक्त इतरांपेक्षा जरा जास्त घाबरत. दोरीचं दुसरं टोक कोण धरणार, ते मात्र ठरलेलं आहे.