दुपारचा हुंकार

मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत कन्नड, घरात मराठी, आणि तिन्हीकडे मला गप्प बसायला जमायचं. वडील गेल्यावर धारवाडच्या घरात आई आणि मी दोघीच उरलो. आई निवृत्त शिक्षिका. तिला रक्तदाबाचा त्रास. संध्याकाळी भाजी निवडताना ती दिवसभराचं सांगायची आणि मी "हं" म्हणायचे. त्या "हं"वर आमची सगळी संध्याकाळ निघायची.

नोकरी लागली ती हुबळीत, देशपांडे नगरात, एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत. कंपनी तेव्हा एवढी लहान होती की जेवायला सगळे एकाच टेबलाभोवती मावायचे. कंपनी काढणाऱ्याला सगळे अण्णाच म्हणायचे. तो कन्नडिग, पण मराठी आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलायचा.

आम्ही दवाखान्यांसाठी फोन करणारी यंत्रणा बनवत होतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या पेशंटना दुपारी जेवणानंतर फोन जायचा. "नमस्कार. आजची गोळी घेतलीत का?" पेशंटने हो किंवा नाही म्हणायचं, संगणकाने ते ओळखायचं, आणि डॉक्टरांना पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण दिसायची. कन्नडमधला प्रश्न माझ्या शेजारी बसणारीच्या आवाजात होता. बेळगाव-खानापूरकडच्या आणि आमच्यासारख्या घरांसाठी मराठी प्रश्न माझ्या आवाजात, कारण बाहेरून कुणाला बोलवायला पैसे नव्हते.

अडचण अशी होती की आमच्याकडे कुणी नुसतं हो म्हणत नाही. गोळी घेतलीत का विचारलं की माणूस सकाळपासून सुरुवात करतो. नळाला पाणी उशिरा आलं, मग पूजा उशिरा, मग नाश्ता राहिला, आणि गोळी नाश्त्यानंतरची. यंत्र हे सगळं मुकाट ऐकून घ्यायचं. दोन वाक्यं झाली की पलीकडून "हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं," आणि फोन बंद. सांगणाऱ्याला मध्येमध्ये हुंकार लागतो. तो नाही मिळाला तर समोर कुणी नाही असंच आपण धरतो.

यावर बैठक चालली होती. मी कोपऱ्यात बसून अण्णाच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"हिला बघा की," अण्णा म्हणाला. "आल्यापासून हं, हं, हं. पगार त्याचाच देतोय मी."

सगळे हसले. मीही हसले. मग अण्णा एकटाच हसायचा थांबला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "हं कुठल्या भाषेतलं असतं? दोन्हीकडे चालतं की!"

दुसऱ्या दिवशी अडगळीच्या खोलीत भिंतीला गोधड्या लावून मला बसवलं. माझ्या शेजारी बसणारी माईक धरून उभी.

"कुणीतरी दुखणं सांगतंय, असं हं."

"हं."

"आता तुला कंटाळा आलाय, पण दाखवायचा नाही."

"हं."

"अय्यो, हे तर किती छान येतंय तुला! घरी सराव असेल."

दुपारभर मी हं म्हणत होते. एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की त्यातून अर्थ निघून जातो, तसं झालं. बाहेर आले तेव्हा खायला चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं होतं. मी बशी घेऊन गॅलरीत उभी राहिले. कुणी काही विचारलं की घशापर्यंत हं यायचा आणि मला वाटायचं, हा आताचा की मघाचा?

युक्ती चालली. यंत्र आता प्रश्न विचारून थांबायचं, आणि बोलणारा जिथे श्वास घेई तिथे एक हं ठेवायचं. लोक फोन बंद करेनात. बोलत राहिले. फोन किती वेळ चालतो हे दाखवणारी रेघ भिंतीवरच्या पडद्यावर चढत गेली. नवे दवाखाने आले, पैसे घालणारे आले, आणि आम्ही उणकलला नव्या इमारतीत गेलो. खिडकीतून तळं दिसायचं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक कित्येक आठवडे कुणी काढलं नव्हतं.

लोक काय बोलत होते, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पेशंटचं खासगी बोलणं साठवायचं नाही, असा नियम होता, आणि तो बरोबरच होता. हो किंवा नाही तेवढं ठेवायचं, बाकी तिथल्या तिथे पुसायचं. कधीकधी मी त्या रेघेकडे बघत बसायचे. एवढं बोलणं चाललंय, आणि ते कुठेच पोचत नाहीये.

एकदा कामासाठी दुपारीच चिगरी बसने धारवाडला निघाले होते. शेजारी एक आजोबा होते. त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असावं, फोन कानापासून लांब धरून आवाज पूर्ण मोठा केलेला. कन्नडमध्ये गोळीचा प्रश्न आला, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारीच्या आवाजात. आजोबांनी सुनेची तक्रार सुरू केली. ते थांबले आणि फोनमधून माझा हं आला.

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. आजोबा पुढे बोलत होते, फोन पुन्हा हं म्हणाला, अगदी वेळेवर, अगदी समजुतीने. माझी जीभ टाळूला चिकटलेली मला जाणवत होती, तरी मी म्हटलंच नाही याची खात्री देता आली नसती. फोन ठेवून आजोबा माझ्याकडे वळले. "चांगली मुलगी आहे हो," ते कन्नडमध्ये म्हणाले. "ऐकून घेते." मी मान हलवली. हं म्हणायचं धाडस झालं नाही.

याच सुमारास घरी काहीतरी बदललं होतं. आई संध्याकाळी पूर्वीइतकी बोलेनाशी झाली. रुसली नव्हती, उलट शांत असायची, मनातलं सांगून झालेल्या माणसासारखी. कधी अधलंमधलंच वाक्य बोलायची.

"मग नाहीच गेले शेवटी मावशीकडे."

"कधी जाणार होतीस?"

ती माझ्याकडे बघायची. "काल म्हटलं की तुला."

मला आठवायचं नाही. वाटायचं, दमून येते, ऐकलं असेल आणि विसरले असेन. एकदा ती म्हणाली, "तुझं बरोबर होतं, त्या शेजारणीशी वाद घालण्यात अर्थ नाही." मी असं काही बोलले नव्हते. पण ते इतकं माझ्यासारखं होतं की म्हटलं असेन, असं मी धरून चालले.

एक दिवस उणकलला दुरुस्तीसाठी वीज जाणार होती, म्हणून आम्हाला दुपारी सोडलं. फोन मात्र थांबत नसतात. ते दुसऱ्याच कुठल्यातरी शहरातल्या संगणकावरून जातात. मी घरी आले. मागचं दार उघडंच होतं. पायऱ्यांवर चपला काढत होते, तेवढ्यात आतून माझा आवाज आला.

"नमस्कार. आजची गोळी घेतलीत का?"

मी तिथेच उभी राहिले. उन्हात, एक चप्पल पायात.

"घेतली गं," आई म्हणाली. "पण काल सांगितलं तसंच होतंय बघ. उठले की डोळ्यांपुढे अंधार येतो."

"हं."

"आज तर कट्ट्याला धरून उभी राहिले. परवापेक्षा जास्तच."

"हं."

"तू म्हणशील तसं करू. डॉक्टरांकडे जाऊया का रविवारी? की उगीच पैसे घालवायचे?"

थोडा वेळ काही आलं नाही. मग तो दुखणं ऐकतानाचा हं आला. मी ओळखला.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. आईने मान वर केली. मी तिच्यासमोर उभी होते, तोंड मिटलेलं, आणि तिच्या हातातला फोन माझ्या आवाजात म्हणाला, "काळजी घ्या." आई माझ्याकडे बघत राहिली, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे. ती एक पाऊल मागे सरकली. माझी आई मला घाबरली होती, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मग ही कोण?" ती म्हणाली.

मी सांगितलं. ऑफिसात काय बनवतो ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. फोनचं काम आहे, एवढंच. तिच्या डॉक्टरांचा दवाखाना आमच्या यंत्रणेत आलाय हे मला माहीत नव्हतं. आम्हाला नावं नाही, नुसते अनुक्रमांक दिसायचे. तिला वाटलं होतं, माझं काम पेशंटना फोन करायचं, आणि तिचा नंबर माझ्या वाट्याला आलाय.

"रोज तेच तेच विचारतेस, म्हणून मलाही नवल वाटायचं," ती म्हणाली. "अहो-जाहो करतेस, तर म्हटलं आजूबाजूला साहेब बसले असतील. आणि घरी ऑफिसचं विचारलं तर तुला आवडत नाही." मग जरा थांबून, "किती सांगितलं गं मी त्याला."

काय काय सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारूनही परत मिळण्यासारखं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. चक्कर कधीपासून, त्यांनी विचारलं. आई सवयीने माझ्याकडे वळली, "हिला सांगितलं होतं मी," म्हणाली आणि मध्येच थांबली. गोळी जास्त जोराची झाली होती. डॉक्टरांनी ती बदलून दिली, आणि अशा चक्करेत बाथरूममध्ये पडला असतात तर, असं म्हणून वाक्य अर्धंच सोडलं. त्यांच्या पडद्यावर आईपुढे सगळ्या हिरव्या खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर अण्णाला म्हटलं, हं काढायचा.

"आई कशा आहेत?" त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "काढला तर लोक फोन ठेवतील गं."

"ठेवू देत. ऐकतंय कोण?"

एवढं मोठ्याने मी तिथे कधी बोलले नव्हते. शेजारची तोंडावर हात ठेवून बघत होती. अण्णा भिंतीवरच्या रेघेकडे बघून म्हणाला, "काढा." मग फोनची सुरुवात बदलली: हा संगणकाचा फोन आहे, त्रास होत असेल तर थेट दवाखान्यात कळवा. हं काढला. भिंतीवरची रेघ खाली आली, आणि लोक परत हॅलो हॅलो करू लागले. फाइली मीच पुसल्या. पुसण्याआधी प्रत्येक एकदा वाजवून बघितली. कंटाळ्याचा कुठला आणि दुःखाचा कुठला, ते मलाही नीट सांगता येईना.

परवा आई मेथी निवडत होती. मी समोर बसले होते. मावशीच्या घराचा काहीतरी वाद ती सांगायला लागली. पहिलं वाक्य संपलं, आणि माझ्या घशात हं आला. तो मला बाहेर काढवेना. तो कुणाचा असेल, असं वाटलं. मी तसाच गिळला. स्वयंपाकघरात नुसता काड्या मोडण्याचा आवाज राहिला.

आईचा हात थांबला. तिने मान वर केली नाही.

"हॅलो?" ती म्हणाली.

मी हातभर अंतरावर होते.

"आहे गं आई," मी म्हटलं. "मग? मावशी काय म्हणाली त्यावर?"