नेटजवळचं शटल

गेल्या रविवारी सकाळी देवपूरच्या बॅडमिंटन हॉलमध्ये पुन्हा रॅकेट हातात घेतली... आठ महिन्यांनी. उजव्या गुडघ्याचा आतला भाग झिजला होता, ऑपरेशन करून तेवढाच बदलला. डॉक्टरांनी डबल्सला परवानगी दिली. उडी नाही, गर्रकन वळणं नाही.

कोर्टवर उतरले तेव्हा मात्र पाय आपला वाटेना. तीनदा नी-कॅप सारखी केली.

माझी पार्टनर सुनंदा. समोर तिची जाऊ आणि अक्का... मूळच्या साक्रीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौसष्ट. नेटला चिकटून शटल टाकण्यात अक्कांचा हात कोणी धरू शकत नाही. पण त्या दिवशी प्रत्येक शटल उंच, संथ, थेट माझ्याकडे येत होतं. सात-आठ पॉइंटनंतर लक्षात आलं, दोघी मला सांभाळून घेत होत्या.

खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. तेच जास्त खुपलं. आम्ही जिंकत होतो आणि मी ते पॉइंट मुकाट्याने घेत होते.

"अक्का, नेटजवळ टाका ना."

"नको गं बाई. काही झालं तर तुझ्या सासूबाईंना काय सांगू? रोज भाजीबाजारात भेटतात."

"मग मी घरी जाते."

अक्कांनी चष्मा पुसला आणि अहिराणीवर आल्या. "तुना गुडघा शे. तूच सांभाळ."

थोड्याच वेळात एक शटल नेटवरून अलगद खाली आलं. मी पुढे धावले... दोन पावलं, आणि तिसऱ्याला गुडघ्यात टक् असा आवाज. पूर्वी मी तिथून सूर मारला असता. थांबले. शटल वीतभर पुढे पडलं.

पाय वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला... दुखत नव्हतं. असा आवाज येऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्या क्षणी आठवेल तर शपथ.

"पॉइंट तुमचा," मी म्हटलं. अक्कांनी सर्व्हिस केली आणि दोन फटक्यांनंतर पुन्हा तिथेच शटल टाकलं. हसल्याही नाहीत.

आम्ही हरलो. "चांगलं जिंकत होतो, तुलाच खाज," सुनंदा म्हणाली.

गुडघा टिकेल का, हे मी आठ महिने सगळ्यांना विचारत होते. मला वेळेवर थांबता येईल का, हे स्वतःला विचारलंच नव्हतं... अक्का, दुसऱ्यांदाही तिथेच टाकलंत, त्याबद्दल मनापासून आभार.